नामका चू, १९६२: पाठीशी तळ नसलेली चौकी

१९६२ च्या युद्धाचा विषय निघाला की मराठी घरात ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य हटकून येतं. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यावरून ते रूढ झालं. पण त्याच्या महिनाभर आधी, २० ऑक्टोबरच्या पहाटे, नामका चू नावाच्या एका डोंगरी नदीच्या काठी भारताची एक अख्खी ब्रिगेड, म्हणजे तीन-चार पलटणींचं दल, काही तासांत मोडली होती. सीमेवरची चौकी, तिच्यामागचा तळ आणि दोघांना जोडणारी रसद यांचं नातं समजून घ्यायला मला यापेक्षा स्पष्ट प्रकरण माहीत नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

यात माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत. हुद्दे ठेवले आहेत. नावं आली की वाचणारा दोषी शोधायला लागतो आणि निर्णय कुठल्या क्षणी, कशाच्या आधारावर झाला हे बाजूला पडतं. ठिकाणं आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

पार्श्वभूमी

आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या तवांगच्या वायव्येला भारत, भूतान आणि तिबेट जिथे भेटतात, तिथे थागला नावाची डोंगरधार आहे, १४,००० फुटांच्याही वर. तिच्या दक्षिण पायथ्याने नामका चू वाहते. चू म्हणजे तिबेटीत पाणी, नदी. खोरं अरुंद, दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि वर उघडे कडे. थागलावर जो बसेल त्याला खालची हालचाल दिसते. खाली जो बसेल त्याला वरचं काही दिसत नाही. पुढचं बरंच काही या एका गोष्टीतून निघालं.

सीमा नेमकी कुठे, हाही प्रश्न होता. पाणलोटाचं तत्त्व, म्हणजे ज्या धारेवरून पाणी दोन बाजूंना वाहतं ती सीमा, हे धरलं तर थागलाची धार हीच सीमा, आणि भारताची भूमिका तीच होती. पण मॅकमहोन रेषा, म्हणजे १९१४ साली ठरलेली ब्रिटिश भारत आणि तिबेट यांच्यातली सीमा, मूळ नकाशावर जशी आखली होती, ती या ठिकाणी धारेच्या दक्षिणेकडून जात होती. जून १९६२ मध्ये आसाम रायफल्सची चौकी नदीच्या दक्षिण काठी उभी राहिली. प्रत्यक्ष जागेचं नाव चे डोंग, पण कागदोपत्री ती ‘ढोला’ झाली, आणि खरी ढोला खिंड तर आणखी दक्षिणेला होती. चौकी लावणाऱ्या कॅप्टनला नकाशा आणि जमीन जुळत नाहीत हे दिसलं आणि त्याने ते वर कळवलंही. उत्तर येईपर्यंत उन्हाळा सरला.

या चौकीची मुळं २ नोव्हेंबर १९६१ रोजी पंतप्रधानांकडे झालेल्या बैठकीत आहेत. पुढे ‘फॉरवर्ड पॉलिसी’ म्हणून ओळखलं गेलेलं धोरण त्या बैठकीत ठरलं. तिथे तीन गोष्टी ठरल्या होत्या. लडाखमध्ये गस्त आणि चौक्या शक्य तितक्या पुढे न्यायच्या. उरलेल्या उत्तर सीमेवर सगळा भाग प्रत्यक्ष ताब्यात घ्यायचा, मोकळ्या जागा गस्तीने किंवा चौक्यांनी भरायच्या. आणि तिसरी गोष्ट अशी की या चौक्यांच्या मागे, जिथे रसद पोहोचवता येईल आणि जिथून कमी वेळात सीमेवर धाव घेता येईल, अशा ठिकाणी मोठं सैन्य ठेवायचं.

५ डिसेंबर १९६१ ला लष्करी मुख्यालयातून जे आदेश निघाले त्यांत पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी नव्हती.

चौकी आणि तळ

इथे थोडं थांबतो, कारण आपल्या बोलण्यात चौकी, ठाणं आणि तळ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

चौकीचं काम डोळ्याचं. पंचवीस-तीस माणसं, एक वायरलेस संच, गस्तीचा मार्ग. तिने बघायचं, कळवायचं, ‘हा भाग आमचा’ हे दाखवायचं आणि अंगावर आलंच तर कुमक येईपर्यंत तग धरायचा. त्या शेवटच्या अटीतच तळाची गरज दडलेली आहे. तळावर दारूगोळ्याचा आणि शिध्याचा साठा असतो, जखमीवर शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर असतो, चौकीच्या पुढची जमीन ज्यांच्या टप्प्यात येते अशा तोफा असतात, धावपट्टी किंवा हेलिपॅड असतं, गाडीरस्ता असतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिकामी ठेवलेली, हुकूम मिळताच निघू शकणारी तुकडी असते. आघाडीचा तळ शत्रूच्या जवळ नेतात तो हे सगळं वेळेत पोहोचावं म्हणून. जवळ गेला पण यातलं काहीच सोबत आलं नाही, तर तो तळ नाही, माणसं जास्त असलेली चौकी आहे.

ढोलाच्या मागे यातलं काय होतं? तवांगपर्यंत कसाबसा रस्ता पोहोचला होता. तिथून पुढे लुंपूपर्यंत पायवाट, लुंपूहून १३,४०० फुटांवरची हातुंग ला ओलांडायची आणि मग नदीपर्यंत उतरायचं. सगळी मिळून काही दिवसांची चाल. तोफा नाहीत, हेलिपॅड नाही, साठा नाही. थागलाच्या पलीकडे मात्र चिन्यांचा ट्रक जाणारा रस्ता मारमांगपर्यंत आला होता, म्हणजे त्यांचा तळ धारेच्या पाठीशीच होता.

अडचण

८ सप्टेंबर १९६२ ला चिनी सैनिक थागला उतरून आले आणि त्यांनी ढोला चौकीला वेढा घातला. पहिल्या बातमीत ६०० चा आकडा होता. प्रत्यक्षात ते त्याहून पुष्कळ कमी होते. आकडा फुगवला तर मदत लवकर येईल असं चौकीतल्यांना वाटलं असावं, असं पुढे सांगितलं गेलं. मला त्यांचा राग येत नाही. मागे कोणी नाही हे ज्यांना ठाऊक आहे, ते याहून वेगळं काय करणार?

दुसऱ्याच दिवशी दिल्लीत ठरलं की चिन्यांना तिथून हटवायचं. तवांगच्या बचावासाठी असलेल्या ७ इन्फन्ट्री ब्रिगेडमधली ९ पंजाब ही पलटण आधी पुढे गेली आणि १५ सप्टेंबरला नदीवर पोहोचली. मागोमाग ब्रिगेडचा उरलेला भागही तिकडे ओढला गेला. तवांगचं संरक्षण त्यामुळे उघडं पडलं. तीस माणसांच्या चौकीसाठी अख्ख्या मुलुखाच्या बचावाचा मुख्य आधार हलवला गेला, आणि तो कुठल्याही एका मोठ्या निर्णयाने नव्हे, एक-एक पलटण पुढे जात हलला.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्याय जवळजवळ तेच राहिले, फक्त एकेक महाग होत गेला.

पहिला, चौकी मागे घेणं. त्या वेळच्या कोअर कमांडरांनी (कोअर म्हणजे अनेक ब्रिगेड जिच्या हाताखाली असतात ती वरची पातळी) सप्टेंबरातच हा सल्ला दिला होता: ढोला सोडा, दक्षिणेला नकाशातल्या रेषेच्या अलीकडे या, जिथे आपल्याला रसद पुरवता येते. वरून नकार आला. एक इंचही जमीन सोडायची नाही असं जाहीर झालेलं होतं, त्यामुळे लष्करीदृष्ट्या साधी असलेली ही हालचाल राजकीयदृष्ट्या अशक्य झाली होती.

दुसरा, थागलावर हल्ला. त्यासाठी आधी साठा करायचा, तोफा आणायच्या, गरम कपडे पोहोचवायचे आणि मग वेळ ठरवायची, असं कोअर आणि ब्रिगेड दोन्हीकडून सांगितलं जात होतं. या यादीला ‘चालढकल’ समजलं गेलं. सेनाप्रमुखांनी लेखी हुकूम मागितला, तो २२ सप्टेंबरला मिळाला: तयारी झाली की चिन्यांना हटवा. ‘तयारी झाली की’ हे शब्द कागदावर होते. तयारी झाली आहे की नाही हे कोण ठरवणार, ते मात्र कागदावर नव्हतं.

तिसरा, आहे तिथेच बसून राहणं. हा पर्याय कुणी मनापासून मागितला नव्हता. बाकीचे दोन अडले म्हणून तो उरला.

काय केलं

४ ऑक्टोबरला नवी ४ कोअर उभी केली गेली आणि तिचे कमांडर दोन-तीन दिवसांतच स्वतः नामका चूवर पोहोचले. वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः जागेवर यावं हे चांगलंच. पण त्यांनी येतायेता लुंपूला असलेल्या २ राजपूत आणि १/९ गोरखा या पलटणींना ताबडतोब नदीवर उतरायला सांगितलं. या पलटणींकडे उन्हाळी गणवेश होते. माणशी एखादं ब्लँकेट आणि जवळ बाळगलेल्या ५० गोळ्या. हातुंग ला ओलांडताना थंडीने आणि विरळ हवेने माणसं आजारी पडली, काही दगावली. गोळी अजून सुटलीही नव्हती.

आता चांगधर बघू या. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तिथे आहे.

नदीच्या दक्षिणेला, १४,००० फुटांच्या वर, उतारावर एक थोडी सपाट जागा होती. विमानातून रसद टाकायला हीच. डाकोटा विमान खोऱ्यात शिरायचं, ढग नसले तर एक-दोन फेऱ्या मारायचं आणि गठ्ठे सोडायचं. काहींची छत्री उघडायचीच नाही, काही वाऱ्याने भरकटायचे, काही घरंगळत दरीत जायचे. हाती लागलेला माल मग माणसांच्या पाठीवरून खाली नदीपर्यंत न्यायचा. हमाल पुरेसे नव्हते, म्हणून जवानच चढायचे, माल उचलायचे आणि उतरायचे. ज्या दिवशी जवान वर गेला त्या दिवशी त्याचा खंदक अर्धवट राहिला. खणायला पुरेशी हत्यारं नव्हतीच. झाडं तोडून मोर्च्यावर ओंडके टाकायला कुऱ्हाडी-करवती नव्हत्या, खुकरीने आणि हातातल्या छोट्या फावड्याने जेवढं होईल तेवढं.

पाठीवरच्या वाहतुकीचा हिशेब कुणीही मांडून पाहावा. समजा हमाल २० किलो उचलतो, जाऊन-येऊन सहा दिवस लागतात आणि तो रोज एक किलो स्वतः खातो. पुढे पोहोचले १४ किलो. वाट दुप्पट लांबली तर आठच. अडीच-तीन हजार माणसांची ब्रिगेड अशा वाटेवर जगू शकत नाही, लढणं तर दूरच. पानिपतावर रसद तुटली म्हणजे काय झालं हे आपल्याला पाठ आहे. इथे ती तुटलीही नाही, ती नीट जोडलीच गेली नव्हती.

१० ऑक्टोबरला पहिली मोठी चकमक झाली. नदीच्या पलीकडे त्सेंग जोंगला पाठवलेल्या पन्नासेक पंजाबी जवानांवर शेकडो चिनी सैनिक तुटून पडले. त्यांनी पहिला हल्ला परतवला. मागून मशीनगनचा आणि उखळी तोफांचा मारा मागितला गेला, पण तसा मारा सुरू केला तर अख्ख्या आघाडीवर लढाई भडकेल आणि ती पेलायला दारूगोळा नाही, म्हणून तो देता आला नाही. तुकडी मागे आली. कोअर कमांडरांनी हे सगळं खालून, नदीकाठावरून पाहिलं. हल्ल्याची कल्पना त्या सकाळीच संपली, आणि ते तातडीने दिल्लीला निघाले.

११ ऑक्टोबरच्या रात्री पंतप्रधानांच्या निवासस्थानी त्यांनी तीनही पर्याय मांडले: परिणामांची पर्वा न करता हल्ला, आहे तिथे टिकून राहणं, किंवा मागे सरून चांगल्या जागी मोर्चा बांधणं. ठरलं ते मधलं.

काय झालं

पूल सांभाळायचे म्हणून ब्रिगेड नदीकाठाने मैलोन्‌मैल पसरली होती. ओंडक्यांच्या त्या पुलांना क्रमांक होते, एक ते पाच. सप्टेंबरात नदी फोफावलेली होती, पुलाशिवाय ओलांडता येत नव्हती, म्हणून पुलांवर पहारा बसवणं बरोबर होतं. ऑक्टोबर उलटू लागला तसं पाणी उतरलं आणि नदी पायी पार करण्याजोगी झाली. पहारे पुलांवरच राहिले. मोर्चे ज्या कारणासाठी तिथे होते ते कारण वाहून गेलं होतं, पण मोर्चे हलवायला परवानगीही नव्हती आणि हमालही नव्हते.

१९ ऑक्टोबरच्या रात्री चिनी तुकड्या मोर्च्यांमधल्या मोकळ्या जागांतून नदी ओलांडून वरच्या उतारावर गेल्या. २० तारखेला पहाटे पाचच्या सुमारास तोफांचा मारा सुरू झाला आणि पाठोपाठ हल्ला आला, बाजूने आणि पाठीमागूनही. टेलिफोनच्या तारा तुटल्या, पलटणींचा एकमेकांशी आणि ब्रिगेडशी संपर्क गेला. २ राजपूतच्या जवानांनी नदीकडे तोंड केलेल्या खंदकांतून मागे वळून लढाई दिली. त्या पलटणीच्या ५१३ पैकी २८२ जण मारले गेले. उरलेल्यांपैकी बहुतेक जखमी होऊन किंवा गोळ्या संपल्यावर पकडले गेले. १/९ गोरखांचीही हानी मोठी झाली. ब्रिगेड कमांडर २२ तारखेला कैद झाले. तवांगवर तोवर बचावासाठी फारसं काही उरलं नव्हतं. ते सोडून दिलं गेलं आणि २५ च्या सुमारास चिनी सैन्य तिथे पोहोचलं.

चिन्यांनी एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली २१ नोव्हेंबरला. पराभवाची लष्करी चौकशी झाली. तिचा पूर्ण अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. २ सप्टेंबर १९६३ रोजी नव्या संरक्षणमंत्र्यांनी लोकसभेत त्यातले निष्कर्ष थोडक्यात सांगितले, आणि अहवालाचा एक भाग २०१४ मध्ये बाहेर आला.

निर्णयाच्या जागा

लोक बहुधा ११ ऑक्टोबरच्या रात्रीकडे बोट दाखवतात. ती महत्त्वाची खरीच. पण तोवर चांगला पर्याय एकच शिल्लक होता आणि तो घ्यायला लागणारं राजकीय धैर्य महिनाभरात रोज थोडंथोडं खर्च झालं होतं. मला त्याआधीच्या तीन जागा जास्त खुपतात.

एक म्हणजे डिसेंबर १९६१ चा तो आदेश. बैठकीत ठरलेलं तिसरं कलम खाली उतरलं असतं तर प्रत्येक नव्या चौकीबरोबर ‘हिचा तळ कुठला?’ हा प्रश्न आपोआप विचारला गेला असता. ढोलाच्या बाबतीत त्याचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. मग एकतर चौकी लागली नसती किंवा आधी रस्ता झाला असता. धोरण चूक की बरोबर हा वाद वेगळा. इथे जे धोरण ठरलं तेच पुरतं अमलात आलं नाही.

दुसरी म्हणजे चौकीची जागा. दाखवण्यासाठी लावलेली चौकी खोऱ्याच्या तळाशी चालते. लढण्यासाठी ती चालत नाही. जूनमध्ये ढोला दाखवण्यासाठी होती. सप्टेंबरात तिचं काम बदललं, जागा तीच राहिली. काम बदलतं त्या क्षणी जागेचा फेरविचार व्हायला हवा, आणि तो कुणाच्या अधिकारात आहे हे आधी ठरलेलं हवं.

तिसरी म्हणजे २२ सप्टेंबरचा कागद. ‘तयारी झाली की’ या शब्दांना मोजमाप जोडलं असतं, म्हणजे इतके दिवसांचा शिधा, इतक्या गोळ्या, इतक्या तोफा, इतके गरम कोट, तर ब्रिगेड कमांडरांचा ‘नाही’ हा भित्रेपणा ठरला नसता, तो आकडा ठरला असता. आकड्याशी वाद घालणं वरच्यांनाही जड जातं.

वेगळं काय करता आलं असतं

याचं उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही, कारण चोवीस वर्षांनी जवळपास त्याच जमिनीवर पुन्हा प्रसंग आला. १९८६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या सुमदोरोंग चूच्या खोऱ्यात, वांगडुंगला, चिनी तुकडी येऊन बसली. तिथे त्याआधी भारताचं उन्हाळी ठाणं असायचं. या वेळी कुणी खोऱ्यात उतरलं नाही. ऑक्टोबरात भारतीय लष्कराने हेलिकॉप्टरांतून एक ब्रिगेड झिमिथांगला उतरवली आणि हातुंग लाच्या धारेवर मोर्चे बांधले, म्हणजे १९६२ मध्ये पलटणी जी धार ओलांडून खाली गेल्या होत्या, तीच. वरून नामका चू आणि वांगडुंग दोन्हींवर नजर राहत होती, आणि पाठीशी झिमिथांगचा तळ होता. वर्षभर ताण राहिला, मे १९८७ मध्ये परराष्ट्रमंत्री बीजिंगला जाऊन आले, आणि तो हळूहळू निवळला. १९९५ मध्ये दोन्ही बाजूंनी तिथल्या समोरासमोरच्या चौक्या मागे घ्यायचं मान्य केलं.